मु. पो. बिलोली

ग्वादालाहाराहून भाच्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडं रात्रीचे साडेनऊ झाले होते, तिकडं सकाळ. मेक्सिकोतल्या त्या शहरात आपल्याकडची बरीच पोरं सॉफ्टवेअर कंपन्यांत कामाला आहेत, त्यातलाच हा एक. दिवाळीला येतोय म्हणाला, आणि सोबत ऑफिसातला मेक्सिकन मित्र आणि त्याची बायको. हैदराबादला उतरून थेट गावी. मग जरा थांबला.

"मामा, बिलोलीत राहायला काय आहे?"

"काय आहे म्हणजे? घर आहे की."

"घर सोडून."

घर सोडून काय आहे ते मला चटकन सांगता येईना. साठ वर्षं पत्त्यात 'मु. पो. बिलोली' लिहीत आलो. मुक्काम हा शब्द जन्मभर माझ्या नावाखाली आहे, आणि परक्या माणसानं या गावात मुक्काम करायचा झाला तर कुठं करावा, याचा कधी विचार केला नव्हता. स्वतःच्या गावात रात्रीची जागा शोधायची वेळ कुणावर येते?

"घरातच ठेवू की त्यांना," मी म्हणालो. "माडीवरची खोली रिकामीच असते."

"ठेवाल हो तुम्ही. पण ते आठ दिवस राहणार. पैसे दिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, आणि तुम्ही काही घेणार नाही. मग तिसऱ्या दिवसापासून दोन्हीकडं अवघड होतं."

"नाहीच घेणार," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

शेजारी लसूण सोलत बसलेल्या बायकोनं मान वर न करता विचारलं, "का घेणार नाही?"

या लेखाची सुरुवात तिथून झाली.

*

आमच्याकडं हॉटेलात राहत नाहीत, हॉटेलात बसतात. बिलोलीच्या स्टँडवर उतरून कुणी "हॉटेल कुठं आहे?" असं विचारलं तर चार जण चार चहाच्या टपऱ्यांकडं बोट करतील, आणि चौघंही बरोबर असतील. हॉटेल म्हणजे चहा, भजे, सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला, आणि कालचा पेपर. पोटभर जेवायचं तर खानावळ, नाहीतर रस्त्यावरचा ढाबा. बोर्डिंग म्हणजे शिकणाऱ्या पोरांचं वसतिगृह. रेस्ट हाउस म्हणजे सरकारी विश्रामगृह, ते साहेबांचं. आणि लॉज हा शब्द आला की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली जातो. "लॉज हाय की," असं म्हणून तो आधी तुमच्याकडं आणि मग तुमच्यासोबत कोण आहे तिकडं बघतो.

एका शब्दाची अब्रू गेली की धंद्याचीही जाते. बायको-पोरांना घेऊन निघालेला माणूस आमच्या भागात लॉजवर उतरत नाही. एकटी बाई तर नाहीच. परीक्षेच्या कामाला आलेल्या शिक्षिका, अंगणवाडीच्या तपासणीला आलेल्या मॅडम, बँकेत नवीन लागलेली मुलगी, या सगळ्या जणी आधी कुणाच्या तरी ओळखीचं घर शोधतात. ओळख नसली तर काढतात. "तुमच्या जावेची मावसबहीण आमच्या गावची" इथपर्यंत धागा पोचला की त्या रात्रीची सोय झाली.

भाच्याच्या प्रश्नानंतर मी मुद्दाम आमच्या भागातल्या चार लॉजवर जाऊन बसलो. चार दिवस, चार काउंटर. गावात सगळे ओळखीचे, त्यामुळे आधी प्रत्येकाला मी का आलोय ते समजावून सांगावं लागलं. एकानं तर "सर, घरी काही झालं का?" असंच विचारलं.

रजिस्टर मात्र चौघांनीही दाखवलं. नावांशी मला कर्तव्य नव्हतं, मी 'येण्याचे कारण' हा रकाना बघत होतो. गुत्तेदाराची माणसं. बियाण्याच्या कंपनीचे विक्रेते. रस्त्याच्या मोजणीला आलेली पोरं. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. निवडणुकीची ड्यूटी. लग्न. कोर्टाची तारीख. शेकडो नोंदींत 'कामानिमित्त' हा एक शब्द निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेला. 'गाव बघायला' असं एकानंही लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या ठिकाणी, एका फाट्यावरच्या आठ खोल्यांच्या लॉजवर, वेगळंच काहीतरी सापडलं. खाली काउंटर, वर खोल्या, आणि मागच्या बाजूला मालकाचं बिऱ्हाड. जेवायची वेळ झाली होती. मालकाचा पोरगा ताट झाकून वर घेऊन निघाला. मी विचारलं, हे काय? तर मोजणीवाला एक इंजिनिअर तीन महिन्यांपासून राहतोय, त्याला ढाब्याचं तिखट सोसत नाही, म्हणून घरातूनच वरण-भाकरी जाते. दोन महिन्यांपासून आणखी एकाची भर पडलीय. मालकाच्या बायकोला मी म्हणालो, वहिनी, मग हे घरगुती हॉटेलच झालं की. त्या एकदम गडबडल्या. "नाही हो, उगं आपलं लेकरू समजून देतो." पैसे? "तेच देतात काहीतरी महिन्याला. आम्ही मागत नाही."

'काहीतरी' आणि 'मागत नाही'. हे दोन शब्द मी घरी घेऊन आलो.

*

बघायला काहीच नाही म्हणून कुणी येत नाही, असं कुणी म्हणेल. तसं नाही. बिलोलीत सरफराजखान नावाच्या, औरंगजेबाच्या काळातल्या सरदाराची म्हणून ओळखली जाणारी दगडी मशीद आहे. तिच्या दगडाचं काम बघायला उन्हं कलताना जावं. सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाचा पसारा आहे, शाळा आणि कृषी विज्ञान केंद्र. एका खेड्यात शिक्षणावर माणसं किती चिकाटीनं काम करू शकतात ते तिथं दिसतं. येसगीच्या पुलावर उभं राहिलं की खाली मांजरा. बीडच्या बालाघाटात उगवून, लातूर आणि बिदर करून, निजामसागरातून सुटून ती इथं दोन राज्यांची हद्द होते आणि पुढं कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. पुलाच्या अलीकडची पाटी मराठी, पलीकडची तेलुगू. मांजरेची लाल रेती नामांकित, इतकी की नदीपेक्षा रेतीचीच चर्चा जास्त. आणि देगलूरजवळ होट्टल: चालुक्यांच्या काळातली, अकराव्या-बाराव्या शतकातली मंदिरं, सिद्धेश्वराच्या भिंतींवरच्या त्या सुरसुंदरी. होट्टल महोत्सव होतो तेव्हा गर्दी लोटते. रात्री कार्यक्रम संपला की सगळ्या गाड्या नांदेडच्या दिशेनं तोंड वळवतात. होट्टलला येणारा माणूस होट्टलला सकाळ बघत नाही.

या भागावर एकाच वेळी पुष्कळ मोठे पाहुणे उतरल्याचा एक प्रसंग मात्र लोकांच्या चांगला लक्षात आहे. जुलै २०१०. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्रचा वाद तापलेला. तेव्हा आंध्रचे माजी मुख्यमंत्री असलेले चंद्राबाबू नायडू बंधारा बघायला म्हणून सत्तरहून अधिक नेत्यांना घेऊन हद्द ओलांडून आले, आणि पोलिसांनी सगळ्यांना ताब्यात घेतलं. आता एवढ्यांना ठेवायचं कुठं? शेवटी धर्माबादच्या आयटीआयच्या इमारतीत त्यांचा मुक्काम पडला. चारेक दिवसांनी त्यांना औरंगाबादला नेऊन विमानानं हैदराबादला पाठवलं. धर्माबाद १९९९ पर्यंत आमच्याच बिलोली तालुक्यात होतं, त्यामुळे हा पाहुणचार आम्ही आमच्या खात्यावर धरतो. राजकारण कुणाचं खरं ते सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं, बंधाऱ्याची दारं कधी उघडायची आणि कधी लावायची तेही ठरवून दिलं. मला त्यातलं आयटीआयच तेवढं आठवत राहतं. सत्तर माणसांना टेकायला तालुक्यात दुसरी जागा नव्हती.

*

मग आधीच्या काळात लोक राहत कुठं?

ढाळजेत. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याला दरवाज्यातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना उंच ओटे असतात, ती ढाळज. दिवसा तिथं हिशोब आणि गप्पा, रात्री पाहुणे. एक बाज, एक वाकळ, पितळेचा तांब्या. माजघर तिथून दोन उंबरे लांब. पाहुणा घरात असायचा आणि नसायचाही. ज्याला वाडा नाही त्याच्या पाहुण्याला देवळाचा मंडप, मठ, चावडी. मोठ्या गावांत निजामाच्या वेळचे मुसाफिरखाने. निजामाच्या राज्यात सरकारी बस १९३२ सालीच, अवघ्या २७ गाड्यांनिशी सुरू झाली होती. आपल्या एसटीच्या सोळा वर्षं आधी. रस्त्यावर माणसं होती, त्यांना रात्र काढायला जागा लागत होती, आणि त्यातल्या बहुतेकांना ती बिनपैशानं मिळत होती.

आमच्या भागात तर नातीही हद्दीपलीकडं गेलेली. १९५६ साली भाषावार प्रांत झाले तेव्हा मुधोळ आदिलाबादकडं गेलं, देगलूरचे बिचकुंदा-जुक्कल निजामाबादकडं. लेकी तिकडं दिलेल्या, सुना तिकडच्या. आमच्या घरी बोधनकडचे पाहुणे आले की ओसरीवर मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात बसायच्या. लग्नाला, तेराव्याला, म्हैस विकत घ्यायला, डोळे दाखवायला, असे ते येत आणि हमखास राहत.

खेड्यातली मुक्कामी एसटी आठवा. रात्री नऊला शेवटची गाडी यायची ती सकाळपर्यंत पारावर उभी. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत नाहीतर ग्रामपंचायतीत झोपत, आणि त्यांच्या भाकरीची पाळी गावातल्या घरांनी आपसात लावून घेतलेली असे. कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. लातूरकडं येळवसेला, मार्गशीर्ष अमावस्येला, आजही शहरं रिकामी होतात आणि शेतं भरतात. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात, भज्जी, आंबील आणि उंडे वाढतात. नाव-गाव नंतर विचारतात. त्या दिवशी लातूर जिल्ह्यातून जाताना सोबत डबा नेणं म्हणजे यजमानांचा अपमान करणं आहे.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर एक गोड लेख झाला असता. पण बायकोचा "का घेणार नाही?" हा प्रश्न होताच.

पाहुणा आला की बाप हसायचा आणि आई पिठाचा डबा बघायची. हे मी लहानपणी शंभरदा पाहिलंय. रात्री दहाला दार वाजायचं. "या या, कुठं जायलाव? आज इथंच थांबा," हे बापाचं. विझवलेली चूल पुन्हा पेटवायची, वरणात पाणी वाढवायचं, स्वतःच्या वाटची भाकरी ताटात सरकवायची, हे आईचं. पाहुण्याला तिखट लागू नये म्हणून मिरचीचा भुरका वेगळा, आणि तिखट आवडत असला तर जास्तीचा. सकाळी अंघोळीचं पाणी तापवायचं. पाहुणा निघताना वडिलांचे हात धरून म्हणायचा, "लई पाहुणचार केला तुम्ही." आई दाराआड.

आणि पैसे? यायचे की. निघताना पाहुणा हमखास माझ्या हातावर एक नोट ठेवायचा. "लेकराला खाऊला." मी आईकडं बघायचो, ती डोळ्यांनी "नको" म्हणायची, पाहुणा आग्रह करायचा, वडील "अहो, कशाला" म्हणायचे, आणि या सगळ्या विधीनंतर नोट माझ्या मुठीत राहायची. पाहुणा वेशीपलीकडं गेला की आई मूठ उघडायची. त्या नोटेनं तेल यायचं. मला खाऊ क्वचित मिळाला.

म्हणजे मोबदला होताच. फक्त तो ज्या हातानं काम केलं त्या हातात कधी ठेवला गेला नाही. लेकराच्या नावानं, चोळी-बांगडीच्या नावानं, देवापुढच्या ताम्हनात, उशाखाली. लॉजच्या वहिनींचं "तेच देतात काहीतरी" हे त्याच नोटेचं आजचं रूप. किती, कशाचे, कुणाचे, हे बोलायचं नाही.

*

या बिनपैशाच्या पाहुणचाराला आणखी एक अट होती, ती आम्ही सांगायचं टाळतो. ढाळज सगळ्यांना नव्हती. कोण ओट्यावर झोपेल, कोण अंगणात, आणि कुणाला वेशीवरूनच पाणी दाखवलं जाईल, हे जात ठरवत होती. धर्मशाळासुद्धा जातवार असत. फुकट मिळणाऱ्या आसऱ्यासाठी आधी "कोण तुम्ही?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. दरपत्रक तो प्रश्न विचारत नाही.

विचारत नाही, असं लिहून मोकळं होता येत नाही, कारण १९१७ सालचं बडोदा आहे. परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले; हिंदू घरात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्यानं पारशी नाव सांगून एका पारशी उतारशाळेत राहिले. रोजचे पैसे देत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. हे त्यांनीच पुढं लिहून ठेवलंय. पैसे मोजूनही दार बंद होऊ शकतं. तरीही मला वाटतं, आज गावाबाहेरून येणाऱ्या तरुण मुलाला, ज्याचं आडनाव ऐकून ओसरीवरची माणसं क्षणभर गप्प होतात, त्याला त्या आठ खोल्यांच्या लॉजचा आधार पाहुणचाराच्या सगळ्या कथांपेक्षा मोठा आहे. तिथं आधार कार्ड मागतात. ते बघून खोली नाकारता येत नाही.

*

"आपल्याकडं घरात ठेवून पैसे घ्यायची रीत नाही," असं ठणकावून सांगणाऱ्या प्रत्येकाला मी लातूरला घेऊन जाईन. लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. निकाल छापून येतात. त्या निकालामागची घरं छापून येत नाहीत. बिलोली, देगलूर, मुखेड, उदगीरकडची हजारो पोरं अकरावी-बारावीला आणि 'नीट'च्या तयारीला लातुरात नाहीतर नांदेडात राहतात. कुठं? शिक्षकाच्या, कारकुनाच्या, विधवा बाईच्या घरातल्या वरच्या मजल्यावर. गल्लीच्या गल्ली 'रूम' आणि 'मेस'वर चालते. पाट्या लागतात: फक्त मुलींसाठी, चोवीस तास पाणी, घरगुती जेवण. त्या घरातल्या बाईला विचारा, पाच वाजता उठून चाळीस डब्यांच्या पोळ्या लाटते, महिन्याचा हिशोब वहीत लिहिते, आणि एखादं लेकरू तापानं फणफणलं तर रात्री उशाशीही बसते. पैसे घेते म्हणून तिचा जिव्हाळा कमी झाला असं एकाही पोराची आई म्हणत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा या घरांवरच पहिली कुऱ्हाड आली. पाणी नाही म्हणून पोरं गावी गेली, आणि कित्येक घरांचं वर्षाचं गणित कोसळलं. शहराचं पोट एवढं या खोल्यांवर आहे, हे त्या उन्हाळ्यात दिसलं.

थोडक्यात, घरगुती मुक्कामाचा धंदा नांदेड-लातूरला चांगला जमतो. विद्यार्थ्याकडून पैसे घेताना लाज वाटत नाही, कारण तो शिकायला आलाय. प्रवाशाकडून वाटते, कारण तो नुसता आलाय.

*

आता मेक्सिको. भाच्यानं दुसऱ्या फोनला सविस्तर सांगितलं. गेल्या वर्षी तो मिचोआकान राज्यातल्या पात्स्क्वारो या तळ्याकाठच्या गावी चार दिवस राहिला होता. एका कुटुंबाच्या घरातल्या सहा खोल्या. मधे चौक, चौकात पेरूचं झाड, चारी बाजूंनी ओसरी. "मामा, आपला वाडाच वाटला मला," तो म्हणाला. सकाळी आजी चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ थापून कोमालवर, म्हणजे आपल्या तव्यावर, तोर्तिया भाजायची. सोबत वाटलेली मिरची. नातू खोल्यांच्या किल्ल्या द्यायचा. आणि दाराशी, आत शिरल्याबरोबर दिसेल असा, भिंतीवर खडूनं लिहिलेला फळा: एका रात्रीचे इतके, न्याहरीचे इतके. जाताना हिशोब आजीनं केला, पैसे आजीनं मोजून घेतले, एप्रनच्या खिशात टाकले आणि मग त्याला मिठी मारली. "आधी पैसे, मग मिठी. मला तो क्रम फार आवडला," असं भाचा म्हणाला.

अशा छोट्या घरगुती उताऱ्याला तिकडं पोसादा म्हणतात. हा शब्द आणखी एका गोष्टीला वापरतात. नाताळाआधीच्या नऊ रात्री, १६ ते २४ डिसेंबर, गल्लीतली माणसं मिरवणुकीनं दारोदार जाऊन रात्रीपुरती जागा मागतात, कारण मेरी आणि जोसेफला तशी मागावी लागली होती. आतले लोक गाण्यातून नाही म्हणतात, आणि शेवटच्या घरी दार उघडतं. याही सणाचं नाव पोसादा. म्हणजे मुक्काम नाकारला जातो याची आठवण त्यांनी सणात बांधून ठेवलीय, आणि मुक्काम देण्याचा धंदाही त्याच नावानं उघडलाय.

मेक्सिको सरकारनं २००१ पासून अशा छोट्या गावांना 'जादूची गावं' म्हणून नाव द्यायला सुरुवात केली; आता अशी पावणेदोनशेच्या आसपास गावं आहेत, पात्स्क्वारो त्यातलंच. आणि २०१० साली युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला वारशाच्या यादीत घेतलं ते याच मिचोआकानचा दाखला देऊन, तिथल्या गावोगावच्या रांधणाऱ्या बायांमुळे. आमच्याकडं येसर, अंबाडी आणि भुरका करणाऱ्या बाया काही कमी नाहीत. कमी आहे तो फळा.

एक विषयांतर. धर्माबादची मिरची महाराष्ट्रभर जाते. ही मिरची मूळची मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. लक्ष्मीपूजनाला ज्या झेंडूची माळ दाराला लावाल तोही तिकडचाच. तिथं ती फुलं नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेलेल्या माणसांना घरची वाट दिसावी म्हणून अंथरतात. मका, पेरू, तिकडचेच. त्या देशाचे एवढे पाहुणे चार-पाचशे वर्षांपासून आमच्या घरात आहेत, आणि माणसं पहिल्यांदा येताहेत तर त्यांना ठेवायचं कुठं हा प्रश्न पडलाय.

*

सोयी-सवलतींचं बोलायचं तर कागदावर त्या आहेत. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास शेतावर पाहुणे ठेवायचा प्रयोग सुरू केला, तो पुढं राज्यभर पसरला. पर्यटन महामंडळाची निवास व न्याहरी योजना आहे, कोकणात तिनं कित्येक घरं उभी केली. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. शेतकऱ्याला नोंदणी करून शेतावर मुक्कामाच्या खोल्या चालवता येतात. इटलीनं अशा मुक्कामाचा कायदा १९८५ सालीच केला होता, म्हणजे आपण पस्तीस वर्षं मागे, फार नाही.

पण कोकणात समुद्र आहे आणि बारामतीला पुणे आहे. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये येणारा माणूस एक तर लग्नाला आलेला असतो नाहीतर चुकलेला. नांदेडहून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. रेल्वे पाहिजे तर धर्माबाद. शेतावर खोली बांधायची तर संडास-न्हाणीघर नीट पाहिजे, रात्रभर वीज पाहिजे, आणि होट्टलला कधी जायचं, मशिदीत कुठून शिरायचं हे सांगणारं कुणीतरी पाहिजे. परदेशी पाहुणा ठेवला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. घरात ठेवला तरी. हे मला आत्ता कळलं, आणि गावात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनाही माझ्याकडूनच कळलं.

या अडचणी खऱ्या आहेत, पण पहिली अडचण यातली एकही नाही. पहिली अडचण लॉजच्या वहिनींच्या "आम्ही मागत नाही"मध्ये आहे. दर सांगायला जीभ रेटत नाही. पाहुण्याकडून पैसे घेतले तर चार माणसांत काय म्हणतील, हा विचार घरातला पुरुष करतो. आणि पैसे न घेता आठ दिवस राबायचं ते घरातल्या बाईनं. अब्रू एकाची, भाकरी दुसरीची. मी हे इतक्या मोठेपणानं लिहितोय, पण फोनवर "नाहीच घेणार" असं म्हणणारा मीच होतो, आणि म्हणताना बायकोला विचारलं नव्हतं.

*

गेल्या महिन्यात आमच्या घरी बैठक झाली. अक्का, म्हणजे भाच्याची आई, नांदेडहून आली होती. तिला हे अजिबात पटलं नाही. "आपल्या घरी आलेल्याकडून पैसे? बापानं ऐकलं असतं तर..."

बायको म्हणाली, "अक्का, आठ दिवस दोन वेळच्या भाकऱ्या तुम्ही थापणार का?"

अक्का गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "किती घेणार?"

माडीवरच्या खोलीला नवा पंखा आलाय. संडासाचं दार दुरुस्त झालंय. बाज काढून पलंग टाकलाय, पण बाजही गच्चीवर ठेवलीय. रात्री चांदण्यात पडायला कुणाला हवी असली तर. दर बायकोनं ठरवला: दोन वेळचं जेवण, न्याहरी आणि खोली मिळून माणशी दिवसाला ८०० रुपये, अंघोळीच्या गरम पाण्याचे वेगळे नाहीत. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनंच ठळक अक्षरांत लिहून तो कागद जिन्याच्या तोंडाशी चिकटवलाय. माझ्याकडून फक्त 'न्याहरी'चा ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतला. फाट्यावरच्या लॉजच्या वहिनींना मी त्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून दोनदा वाचला आणि आपल्या फोनवर मागवून घेतला.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मेक्सिकोची मंडळी माडीवर असतील. तुम्हीही या, पण कार्तिक ते माघ या थंडीच्या महिन्यांतच. होट्टलची मंदिरं सकाळी सातच्या उन्हात बघा, त्यासाठी आदली रात्र इकडंच कुठंतरी काढा. घर लागलं तर घरात राहा. आणि निघताना लेकराच्या हातावर नोट ठेवू नका. चुलीपाशी जी असेल तिला विचारा किती झाले, आणि तिच्याच हातात मोजून द्या.